मुंबई खरेच एका तासावर आली? माढ्याहून मोजलेला विमानप्रवास

माढा, प्रतिनिधी : सोलापूरच्या विमानतळावरून मुंबईचे विमान सुटू लागले आणि जिल्ह्यातील गावोगावच्या कट्ट्यांवर एक वाक्य रूढ झाले, 'मुंबई आता एका तासावर आली.' माढ्यातही ते ऐकू येते. बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर, तहसील कचेरीच्या आवारात, उसाच्या वजनकाट्यावर ते तितक्याच खात्रीने उच्चारले जाते. इंटरनेटवर दोन विमानतळांची नावे टाइप केली, की संगणकही हेच उत्तर देतो : अंतर सुमारे ३६२ किलोमीटर, उड्डाणाचा वेळ अंदाजे ५७ मिनिटे. आकडा चुकीचा नाही. मात्र हा आकडा नेमके काय मोजतो आणि काय मोजायचे सोडून देतो, हे ठाऊक नसेल, तर त्याच्या भरवशावर आखलेला प्रवास फसतो. रुग्णाला घेऊन परळच्या रुग्णालयात ठरलेल्या वेळी पोहोचायचे असेल, मुलाची मुलाखत असेल किंवा मंत्रालयात दिवसभराचे काम उरकायचे असेल, तर हा फरक पैशांत आणि मनस्तापात मोजावा लागतो.

आधी पार्श्वभूमी. सोलापूरचा विमानतळ नवा नाही. किंगफिशर कंपनीची मुंबई सेवा येथून काही काळ चालली आणि बंद पडली. त्यानंतर बराच काळ नियमित प्रवासी विमान येथे उतरले नाही. धावपट्टीच्या मार्गात येणारी श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची चिमणी हा या काळातील सर्वाधिक चर्चेचा विषय होता. दीर्घ न्यायालयीन लढाईनंतर १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी नूतनीकरण झालेल्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले. ९ जून २०२५ रोजी फ्लाय ९१ या कंपनीचे गोव्याचे विमान सुरू झाले आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी स्टार एअरची मुंबई सेवा सुरू झाली. ऊस पिकविणाऱ्या माढा तालुक्यात चिमणी आणि विमान या दोहोंविषयी ममत्व असणारी माणसे एकाच घरात सापडतात. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. आपला प्रश्न साधा आहे. विमान आले, वेळ किती वाचला?

३६२ किलोमीटर आले कोठून?

हा आकडा काढण्यासाठी संगणकाची गरज नाही. शाळेतील भूगोल आणि पायथागोरसचा सिद्धांत पुरतो. सोलापूर विमानतळ साधारण १७.६३ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.९४ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ १९.०९ उत्तर आणि ७२.८७ पूर्व येथे आहे. अक्षांशांतील फरक १.४६ अंश. एक अक्षांश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर झाले १६२ किलोमीटर. रेखांशांतील फरक ३.०७ अंश. आपल्या पट्ट्यात एक रेखांश सुमारे १०५.७ किलोमीटरचा भरतो, म्हणून पूर्व-पश्चिम अंतर ३२४ किलोमीटर. या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण काढला, की कर्ण येतो ३६२ किलोमीटर.

रेखांशाची लांबी 'आपल्या पट्ट्यात' असे म्हणण्याचे कारण आहे. विषुववृत्तापासून उत्तरेकडे जावे तसे रेखांश एकमेकांजवळ सरकत जातात आणि ध्रुवावर एका बिंदूत मिळतात. माढ्याच्या अक्षांशावर एक रेखांश सुमारे १०६ किलोमीटरचा असतो. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, सत्तराव्या अक्षांशावर, तोच ३८ किलोमीटरचा होतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात मात्र सगळे रेखांश समांतर आणि समान अंतरावर आखलेले असतात, त्यामुळे उत्तरेकडचे प्रदेश आणि तेथील विमानतळांमधील अंतरे आहेत त्याहून कितीतरी मोठी भासतात. मुंबईहून अमेरिकेला जाणारे विमान इतके उत्तरेकडून का वळते, हे कोडेही येथेच सुटते. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांत दोरा ताणून धरला, तर तो ज्या वाटेने जाईल ती सर्वांत जवळची वाट. सपाट नकाशावर हीच वाट कमानीसारखी वाकलेली दिसते. सोलापूर-मुंबईसारख्या तुटपुंज्या अंतरात या वक्रतेने काही फरक पडत नाही, म्हणून आपला साधा त्रिकोण चालून जातो.

आता ५७ मिनिटांचे रहस्य. अंतर सांगणारी बहुतेक गणकयंत्रे विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरतात आणि चढण्या-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास जोडतात. ३६२ किलोमीटरला ८०० ने भागले, तर सत्तावीस मिनिटे. अधिक तीस. झाली सत्तावन्न! मधल्या विमानाचा प्रकार, वारा, मुंबईच्या आकाशातील गर्दी यांपैकी कशाशीही या गणिताचा संबंध नाही.

सरळ रेषेत कोणी उडत नाही

नकाशावर सोलापूर ते मुंबई अशी पट्टी ठेवून रेघ ओढली, तर दोन मौजेच्या गोष्टी दिसतात. पहिली माढेकरांच्या जिव्हाळ्याची. ही रेघ पंढरपूर आणि माढा यांच्या मधून, माढ्याच्या दक्षिणेला जेमतेम वीस किलोमीटरवरून जाते. तिच्याविषयी पुढे बोलू. दुसरी गोष्ट अशी, की ही रेघ पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या जवळजवळ माथ्यावरून जाते. लोहगाव हे हवाई दलाचे ठाणे आहे आणि तेथील हवाई वाहतुकीचे नियंत्रण हवाई दलाकडे असते. आकाश रिकामे दिसते म्हणून वैमानिकाने पट्टीने आखल्यासारखे जावे, असे होत नाही. आकाशातही रस्ते आखलेले आहेत, त्यांवर ठरावीक नाके आहेत, काही भाग ठरावीक वेळी बंद असतात. शिवाय उड्डाण कोणत्या दिशेने करायचे हे वारा ठरवितो. मुंबई वायव्येला असली तरी वारा आग्नेयेकडून वाहत असेल, तर विमान आधी आग्नेयेला झेप घेते आणि मग वळण घेऊन मार्गाला लागते. उतरतानाही तेच. त्यामुळे प्रत्यक्षात कापलेले अंतर ३६२ किलोमीटरहून नेहमीच काहीसे अधिक भरते.

वेगाचेही तसेच. गोव्याच्या मार्गावर फ्लाय ९१ ज्या एटीआर ७२ जातीच्या विमानाने उतरली, ते पंख्याचे विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास चालते. जेट विमान आठशेच्या पुढे जाते. मग जेटने वेळ निम्मा व्हावा, असे वाटते. पण दहा हजार फुटांच्या खाली विमानांना साधारणपणे ताशी २५० नॉटची, म्हणजे ४६३ किलोमीटरची वेगमर्यादा असते. जवळच्या प्रवासात विमान वर चढते, थोडा वेळ सरळ चालते आणि लगेच उतरणीला लागते. समजा, पूर्ण वेगाने धावायला मध्ये १५० किलोमीटर मिळाले. जेटला तेथे अकरा मिनिटे लागतील, एटीआरला अठरा. एवढ्या अंतरावर जेटची श्रीमंती सात मिनिटांची. वाऱ्याचा हिशेबही जवळपास तेवढाच. ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून असेल, तर एटीआरला ३६२ किलोमीटरसाठी ४७ मिनिटे लागतील आणि तोच वारा पाठीशी असेल तर ४०.

याहून मोठा घास मुंबईचे आकाश घेते. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. म्हणजे नावाला दोन असल्या, तरी एका वेळी वापरता येते ती एकच. देशातील सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकाचा संसार असा एका धावपट्टीवर चालतो. उतरण्याची पाळी येईपर्यंत विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. अशी एक लांबट घिरटी पूर्ण व्हायला साधारण चार मिनिटे लागतात. तीन घिरट्या पडल्या, की बारा मिनिटे गेली. सोलापूरच्या प्रवाशाने जेटमुळे कमावलेली सात मिनिटे तेथेच खर्ची पडून वर पाच अंगावर येतात.

म्हणूनच विमान कंपन्या उड्डाणाचा वेळ छापत नाहीत. त्या 'ब्लॉक टाइम' छापतात. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरील जागेवर येऊन थांबेपर्यंतचा हा वेळ. त्यात धावपट्टीपर्यंतची मंद चाल, रांगेतील थांबा, घिरट्यांसाठी धरलेली सूट हे सारे येते. एखादे विमान 'वेळेआधी पोहोचले' अशी घोषणा होऊन प्रवासी सुखावतात, तेव्हा बहुधा ही सूट वापरावी लागलेली नसते, एवढेच. नियामक संस्थेच्या लेखी तर ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत आलेले विमानही वेळेवरच आलेले असते. सोलापूर-मुंबईसाठी एक तास दहा मिनिटांचा ब्लॉक टाइम धरणे व्यवहाराला धरून आहे. पुढील हिशेबात तोच धरला आहे.

माढ्याच्या उंबरठ्यापासून

आता ती पहिली गंमत. माढ्याहून मुंबई विमानतळ सरळ रेषेत ३०४ किलोमीटर आहे. सोलापूरचा विमानतळ माढ्याच्या आग्नेयेला, सरळ रेषेत ६३ किलोमीटरवर आहे. म्हणजे विमान गाठण्यासाठी माढेकर मुंबईकडे पाठ करून निघतो. होटगी रस्त्यावर विमानतळाच्या दारात उतरतो, तेव्हा तो घरी होता त्यापेक्षा मुंबईपासून ५८ किलोमीटर अधिक दूर असतो. तेथून उडालेले विमान सरळ रेषेने गेले, तर दहाएक मिनिटांत ते पुन्हा माढ्याच्या शिवारापासून वीस किलोमीटरच्या आत येते. उजव्या खिडकीजवळची जागा मिळाली आणि आकाश स्वच्छ असले, तर तीन तासांपूर्वी सोडलेला आपला मुलूख पुन्हा डोळ्यांखालून जाताना पाहता यावा.

वेळ मांडून पाहू. माढा ते सोलापूर विमानतळ हे रस्त्याचे अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर. स्वतःची मोटार असेल तर सोलापूर शहर ओलांडून जायला पावणेदोन तास धरावेत. देशांतर्गत विमानांचे नोंदणी खिडकीचे काम उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होते, म्हणून सव्वा तास आधी पोहोचणे भाग आहे. एक तास दहा मिनिटे विमानात. मुंबईत उतरून, सामान घेऊन बाहेर पडायला पस्तीस मिनिटे. तेथून मंत्रालयापर्यंत सव्वा तास, तोही रस्ता मेहेरबान असेल तर. बेरीज : बरोबर सहा तास. यातील विमान प्रत्यक्ष हवेत असते, तो वेळ तासाभराहूनही कमी.

आता दुसरी वाट. सोलापूर-मुंबई वंदे भारत एक्स्प्रेस १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. तिला कुर्डुवाडीला थांबा आहे आणि कुर्डुवाडी माढ्यापासून पंधराएक किलोमीटरवर, तेही मुंबईच्याच दिशेला. सुरू झाली तेव्हाच्या वेळापत्रकाप्रमाणे ही गाडी सोलापूरहून सकाळी ६.०५ ला निघून ६.५३ ला कुर्डुवाडीला येत होती आणि १२.३५ ला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोहोचत होती. घरून स्थानकापर्यंत अर्धा तास, गाडीची वाट पाहण्यात वीस मिनिटे, गाडीत पाच तास बेचाळीस मिनिटे, टर्मिनसहून मंत्रालयापर्यंत अठरा मिनिटे. बेरीज : सहा तास पन्नास मिनिटे.

मुंबई एका तासावर आली, या घोषणेचे माढ्यापुरते मोल असे पन्नास मिनिटांचे आहे. त्यासाठी पाऊणशे किलोमीटर उलट जायचे, सुरक्षा तपासणीच्या रांगेत पट्टा आणि पाकीट काढून ठेवायचे आणि तिकिटाचा दर त्या दिवशी जो असेल तो द्यायचा. 'उडान' योजना २०१६ मध्ये जाहीर झाली, तेव्हा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये हा आकडा देशभर गाजला होता. मात्र ती मर्यादा विमानातील ठरावीक आसनांपुरती होती. उरलेली आसने बाजारभावाने विकली जातात, हे अनेकांच्या लक्षात तिकीट काढतानाच येते.

हाच हिशेब सोलापूर शहरातील रहिवाशासाठी मांडला, तर चित्र पालटते. त्याला विमानतळ पंचवीस मिनिटांवर आहे. पुढचे सगळे तेच धरले, तर तो चार तास चाळीस मिनिटांत मंत्रालयाच्या दारात असतो. वंदे भारतने त्याला साडेसात तासांच्या जवळपास लागतात. त्याचे पावणेतीन तास वाचतात. विमान तेच, अंतर तेच, तिकीटही तेच. एकाला पावणेतीन तास मिळतात, दुसऱ्याला पन्नास मिनिटे. जिल्ह्याच्या विमानतळाचा लाभ जिल्हाभर सारखा वाटला जात नाही, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण शोधावे लागणार नाही.

मुंबईत जायचे कोठे, यावरही बरेच अवलंबून आहे. काम अंधेरीत असेल, तर विमानतळ शेजारीच पडतो आणि माढेकराचा विमानप्रवास सव्वापाच तासांत आटोपतो. दादरला उतरून अंधेरी गाठणाऱ्या रेल्वे प्रवाशाला त्यासाठी सहा तास पंचावन्न मिनिटे लागतात. येथे विमानाची सरशी एक तास चाळीस मिनिटांची. परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्याला मात्र दादर स्थानक अधिक जवळचे. त्याचा हिशेब पुन्हा पन्नासएक मिनिटांवर येतो. आजारी माणसाला सहा-साडेसहा तास बसवून नेणे आणि तीन वेळा चढउतार करायला लावून पावणेसहा तासांत नेणे, यांतील सोयीचे काय हे त्याच्या घरच्यांनीच ठरवावे. बसून राहणेच ज्याला असह्य आहे त्याच्यासाठी विमान, आणि ज्याला उठबस असह्य आहे त्याच्यासाठी रेल्वे, असा ढोबळ निवाडा करता येईल.

आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसला या तुलनेत कोणी धरतच नाही. वेळेच्या तक्त्यात ती सर्वांत मागे पडेल. पण ती प्रवाशाची झोप घेते, दिवस घेत नाही. रात्री कुर्डुवाडीला गाडीत बसलेला माणूस सकाळी मुंबईत उतरतो, दिवसभराचे काम करतो आणि रात्री त्याच गाडीने परततो. दुपारच्या विमानाने गेलेल्याला त्या दिवशी कचेरीचे दार बंद झालेले दिसते आणि मुक्कामाचा खर्च पदरात पडतो. त्यातून छोट्या शहरांतील विमाने सुरुवातीला आठवड्यातील काही दिवसच उडतात. सोलापूरचीही सुरुवात तशीच झाली. मंगळवारी काम निघाले आणि विमान बुधवारी असले, तर त्या प्रवासाचा वेळ एक तास दहा मिनिटे नसून एक दिवस आणि एक तास दहा मिनिटे असतो. कोणतेही गणकयंत्र हा वेळ धरीत नाही. कोकणात सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावर ऑक्टोबर २०२१ मध्ये मोठ्या थाटात मुंबईचे विमान आले. पुढे त्या सेवेत खंड पडत गेला आणि प्रवासी पुन्हा रेल्वेकडे वळले, हा अनुभव फार जुना नाही.

अंतर नव्हे, अडसर

मग छोट्या विमानसेवा निरर्थकच का? तसे मुळीच नाही. त्या कोठे उपयोगी पडतात हे पाहायचे, तर थोडे दूर, उत्तर ध्रुवाजवळच्या विमानतळांकडे जावे लागेल. नॉर्वेच्या ईशान्य टोकाला किर्केनेस आणि वाडसो ही दोन छोटी गावे आहेत. त्यांच्या विमानतळांमधील हवाई अंतर ३८ किलोमीटर, म्हणजे माढा ते सोलापूर अंतराहूनही कमी. एवढ्यासाठी विमान कशाला, असे कोणीही म्हणेल. पण मध्ये समुद्राची रुंद खाडी आहे. रस्त्याने जायचे तर तिला वळसा घालून दीडशे किलोमीटरहून अधिक चालावे लागते, तेही बर्फातून. तेथे विमान ही चैन राहत नाही, एस. टी. ठरते. त्याच देशातील ट्रोम्सो ते लाँगयेरबीएन हे साडेनऊशे किलोमीटरचे अंतर विमान दीड ते पावणेदोन तासांत कापते. तेथे तुलनेला रस्ताच नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधील अंतर २.७ किलोमीटर. जगातील सर्वांत छोटी नियमित विमानसेवा ती हीच. वेळापत्रकात तिला दोन मिनिटे दिलेली आहेत आणि अनुकूल वाऱ्यात एकदा ती ५३ सेकंदांत पूर्ण झाली आहे. अडीच-पावणेतीन किलोमीटर माढ्यात आपण पायी जातो. पण मध्ये उसळता समुद्र असेल, तर शिक्षक, डॉक्टर, टपाल यांना विमानाचाच आधार उरतो.

विमानाचे खरे मोल अंतराने ठरत नाही, मधल्या अडसराने ठरते, हे या उत्तरेकडच्या गावांना केव्हाच कळले आहे. सोलापूर आणि मुंबई यांच्यातील अडसर, म्हणजे बोरघाट, रेल्वेने २१ एप्रिल १८६३ रोजीच ओलांडला. सोलापूरपर्यंत रूळ त्याआधी, १८६० मध्ये पोहोचले होते. कुर्डुवाडीचे स्थानक तेव्हा 'बार्शी रोड' म्हणून ओळखले जाई. दीडशेहून अधिक वर्षे रेल्वेने घासून गुळगुळीत केलेल्या वाटेवर विमानाने शर्यत लावली आहे. तेथे जिंकायला फारसे शिल्लक नाही.

गोव्याची गोष्ट वेगळी. सोलापूर ते गोव्याचा मोपा विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ३०५ किलोमीटर, मुंबईपेक्षा कमीच. मात्र मध्ये सह्याद्रीचे घाट आहेत आणि रेल्वेने जायचे तर मिरज किंवा हुबळीचा वळसा घ्यावा लागतो. माढ्याहून मोटारीने पणजीला जायला आठ तास तरी लागतात. विमानाने, सोलापूरपर्यंतचा उलटा प्रवास आणि मोप्याहून पणजीपर्यंतचा तासाभराचा रस्ता धरूनही, साडेपाच तासांच्या आत पोहोचता येते. मुंबईच्या विमानाची चर्चा जिल्ह्यात दहापट झाली, परंतु मिनिटांच्या हिशेबात माढेकराला अधिक देणारे विमान गोव्याचे आहे. मुंबईचे विमान उपयोगी पडते ते मुंबईत न थांबणाऱ्याला. तेथून पुढे दिल्ली, कोलकाता किंवा परदेशचे विमान पकडायचे असेल, तर शहरातील सव्वा तास वाचतो आणि माढ्याहून पुण्याच्या विमानतळापर्यंतचे सुमारे दोनशे किलोमीटरही टळतात. सोलापूरच्या डाळिंबाला किंवा नाशवंत मालाला विमानाने बाजार मिळेल, अशी आशा नेहमी व्यक्त होते. तिच्याबाबत एवढेच म्हणावे, की सत्तर-पंचाहत्तर आसनांच्या विमानाच्या पोटात प्रवाशांच्या पेट्या ठेवल्यावर मालाला उरणारी जागा फार नसते.

नवी मुंबई विमानतळाने या हिशेबात एक नवे खाते उघडले आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथे प्रवासी विमाने उतरू लागली. सोलापूरहून हे ठिकाण सरळ रेषेत सुमारे ३३९ किलोमीटर, म्हणजे जुन्या विमानतळापेक्षा २३ किलोमीटर जवळ आहे. उड्डाणात यामुळे दोन-तीन मिनिटांचाच फरक पडेल. खरा फरक घिरट्यांचा आणि उतरल्यानंतरच्या रस्त्याचा आहे. पनवेल, वाशी, बेलापूरला जाणाऱ्याला हा विमानतळ दाराशी आहे. दक्षिण मुंबईला जाणाऱ्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आहे. बोरिवलीला जाणाऱ्याने मात्र येथे उतरण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

माढ्याच्या दृष्टीने पाहिले, तर वाचविण्याजोगा वेळ आकाशात उरलेलाच नाही. विमान उद्या दुप्पट वेगाने उडाले, तरी सहा तासांतील वीस मिनिटेच कमी होतील. उलट माढा ते होटगी रस्ता हे पाऊणशे किलोमीटर, विमानाच्या वेळेला जोडून सुटणारी आणि शहराच्या गर्दीत न अडकणारी एखादी एस. टी. मिळाली, तर अर्धा तास जमिनीवरच वाचू शकतो आणि मोटार नसलेल्यालाही विमान गाठता येते. धावपट्टी, चिमणी आणि मुंबईची जागा यांसाठी जिल्ह्याने वर्षानुवर्षे निवेदने दिली. या बसचे निवेदन अजून कोणाच्या फायलीत असल्याचे ऐकिवात नाही.

प्रवास आखताना म्हणून एवढे करावे. तिकिटावरील सुटण्याच्या वेळेतून तीन तास वजा करून घरातून निघण्याची वेळ काढावी. पोहोचण्याच्या वेळेत पस्तीस मिनिटे मिळवून मुंबईतील रस्त्याचा वेळ त्यावर धरावा. विमान त्या वारी आहे की नाही आणि वंदे भारतचा आठवड्यातील सुटीचा दिवस कोणता, हे दोन्ही निघण्यापूर्वी पाहावे, कारण वेळापत्रके हंगामागणिक बदलतात. आणि परतीचे विमान रद्द झालेच, तर रात्रीच्या गाडीत कुर्डुवाडीपर्यंतचे आरक्षण मिळते का, याची चौकशी मुंबईत असतानाच करून ठेवावी.